एका पीडीएफमधली ६२ पानं: पेपरलेस-एनजीएक्स आणि स्टर्लिंग-पीडीएफ वापरायला सुरुवात करताना

एक कर्जप्रकरण समोर धरा. अर्ज, सातबारा, आठ अ, दोन फेरफार, मूल्यांकन अहवाल, दोन जामीनदारांची आधार कार्डं, पगारपत्रकं, संचालक मंडळाचा ठराव. एकूण ६२ पानं. गठ्ठा स्कॅनरच्या फीडरमध्ये घातला की पलीकडून एकच पीडीएफ बाहेर पडते. त्यात तीन पानं उलटी, चार कोरी, आणि सातबारा नेमका कितव्या पानावर आहे ते कुणालाच माहीत नाही. कोल्हापुरात शाहूपुरीतली पतसंस्था असो, शिरोली एमआयडीसीतली फौंड्री असो, नाहीतर भाऊसिंगजी रोडवरचं वकिलाचं ऑफिस असो, दुखणं हेच असतं. कागद स्कॅन झालेला असतो, पण सापडत नाही.

त्यावर दोन मुक्त-स्रोत साधनांची जोडी चांगली चालते. पेपरलेस-एनजीएक्स हे दप्तर आहे. ते फाइल घेतं, तिच्यावर ओसीआर करतं (म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून शोधता येईल असा मजकूर काढतं), तिला तारीख आणि टॅग लावतं आणि मागाल तेव्हा काढून देतं. पानं तोडणं, जोडणं, फिरवणं आणि गाळणं त्याच्यातच होतं. स्टर्लिंग-पीडीएफ हा त्याच्या शेजारी बसवायचा कारागीर. पासवर्ड काढणं, मजकूर कायमचा झाकणं, फाइल दुरुस्त करणं, वॉटरमार्क टाकणं अशी जी कामं दप्तर स्वतः धड करत नाही, ती तो करतो. दोन्ही ब्राउझरमध्ये चालतात, आणि फाइल ऑफिसच्या बाहेर कुठल्या अनोळखी वेबसाइटवर जात नाही. जामीनदाराचं आधार ‘फुकट पीडीएफ जोडा’ म्हणणाऱ्या साइटवर चढवणारे अजूनही बरेच आहेत. नुसतं तेवढं थांबलं तरी हा खटाटोप वसूल झाला.

आधी क्रम

नवख्यांच्या बहुतेक चुका बटण चुकल्यामुळे होत नाहीत, क्रम चुकल्यामुळे होतात. चालणारा क्रम असा: आधी पासवर्ड काढा, मग बिघडलेली फाइल दुरुस्त करा, मग झाकायचं ते झाका. त्यानंतर फाइल दप्तरात जाऊ द्या, तिथे ओसीआर होऊ द्या, मग पानं फिरवा, गाळा, तोडा, जोडा. वॉटरमार्क आणि डिजिटल सही सगळ्यात शेवटी, आणि तीही बाहेर पाठवायच्या प्रतीवर.

पासवर्ड असलेल्या फाइलवर ओसीआर होत नाही, म्हणून ते काम पहिलं. झाकायचा आकडा एकदा ओसीआरच्या मजकुरात उतरला की तो शोधातही उतरतो, म्हणून झाकणं दप्तराच्या दाराबाहेरच व्हायला हवं. आणि सही झालेल्या पीडीएफमधलं एक पान जरी फिरवलं तरी सही अवैध ठरते. सही फाइलच्या प्रत्येक बाइटवर बेतलेली असते. ‘नुसतं फिरवलंय, मजकूर तोच आहे’ हे तिला कळत नाही.

या शेवटच्या मुद्द्याचा फटका सातबाऱ्याला बसतो. महाभूमीवरून उतरवलेला डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा इतर कागदांबरोबर जोडून एक पीडीएफ केली, तर जोडलेल्या फाइलमध्ये सहीचं चित्र दिसतं, सही उरत नाही. तो उतारा दप्तरात स्वतंत्र दस्तऐवज म्हणून ठेवायचा, त्याला हात लावायचा नाही. जोडणीसाठी त्याची प्रत वापरायची.

बसवणं

उबुंटू किंवा डेबियन टाकलेला एक जुना डेस्कटॉप पुरतो. ८ जीबी रॅम आणि एसएसडी असेल तर दहा-बारा माणसांच्या ऑफिसला त्रास होत नाही. ४ जीबीवरही चालतं, पण ओसीआर सुरू असताना बाकी सगळं मंदावतं. यूपीएस हवाच, डेटाबेसमध्ये लिहिणं चालू असताना वीज गेलेली कुठल्याच डेटाबेसला मानवत नाही.

डॉकर (प्रोग्रॅम वेगळ्या डब्यात, म्हणजे कंटेनरमध्ये, चालवणारं साधन) आणि त्याचं डॉकर-कंपोज आधी बसवा. पेपरलेस-एनजीएक्सची स्वतःची बसवणी स्क्रिप्ट आहे, ती एकेक प्रश्न विचारत पुढे जाते: पोर्ट कुठला (ठरलेला ८०००), डेटाबेस कुठला (पोस्टग्रेस घ्या), टाइम झोन, ओसीआरची भाषा, फोल्डर कुठे, पहिल्या वापरकर्त्याचं नाव आणि पासवर्ड. टाइम झोन एशिया/कोलकाता द्या. तो यूटीसी राहिला तर सगळ्या वेळा साडेपाच तास मागे दिसतात आणि पहाटे साडेपाचच्या आधी आलेल्या फाइलीवर आदल्या दिवसाची तारीख पडते.

मराठीसाठी दोन सेटिंग्ज लागतात आणि लोक एकच भरतात. दोन्ही डॉकर-कंपोजच्या ईएनव्ही (सेटिंग्जच्या) फाइलमध्ये आहेत, नावं जवळजवळ सारखी. पहिलं ‘पेपरलेस ओसीआर लँग्वेजेस’, अनेकवचनी: कंटेनरमध्ये कुठल्या जादा भाषा उतरवायच्या ते. तयार इमेजमध्ये (जिच्यातून कंटेनर बनतो) इंग्रजी, जर्मन, इटालियन, स्पॅनिश आणि फ्रेंच असतात, मराठी नसते. इथे मराठीचा तीन अक्षरी कोड, म्हणजे एम-ए-आर, लिहायचा. हिंदीही हवी असेल तर मधे जागा सोडून एच-आय-एन. दुसरं ‘पेपरलेस ओसीआर लँग्वेज’, एकवचनी: उतरवलेल्यांपैकी प्रत्यक्ष कुठल्या वापरायच्या ते. इथे दोन कोडांच्या मधे अधिकचं चिन्ह येतं: एम-ए-आर अधिक ई-एन-जी. नावं रोमन कॅपिटलमध्ये, शब्दांमध्ये अंडरस्कोअर.

दुसरं भरलं आणि पहिलं विसरलं, तर लॉगमध्ये भाषा बसवलेली नाही अशी तक्रार दिसते. पहिलं भरलं आणि दुसरं विसरलं, तर तक्रार काहीच येत नाही, फक्त प्रत्येक मराठी पान इंग्रजी अक्षरांच्या खिचडीत निघतं. हे जास्त वाईट, कारण आठवडाभर कुणाच्या लक्षात येत नाही. भाषा कंटेनर सुरू होताना इंटरनेटवरून उतरतात, तेव्हा पहिल्या वेळी जोडणी चालू असल्याची खात्री करा. भाषा ‘सगळ्याच घालून ठेवू’ असं करू नका. प्रत्येक जादा भाषेमागे ओसीआर मंदावतं आणि चुकाही वाढतात.

स्टर्लिंग-पीडीएफ वेगळ्या कंटेनरमध्ये, ठरलेल्या ८०८० पोर्टवर. त्याला पेपरलेसच्या डेटाबेसशी किंवा मीडिया फोल्डरशी (जिथे पेपरलेस फाइली साठवतं) जोडायची गरज नाही, जोडूही नका. त्याचं काम आवक फोल्डरपर्यंत. दोन्ही कंटेनर ऑफिसच्या आतल्या नेटवर्कवरच ठेवा. राउटरवर पोर्ट उघडून ‘घरूनही दिसेल’ अशी सोय करायला जाऊ नका.

आवक फोल्डर

पेपरलेस एका फोल्डरवर नजर ठेवून असतं, त्याला कन्झ्यूम फोल्डर म्हणतात; आपण आवक फोल्डर म्हणू. तिथे फाइल पडली की ती उचलली जाते, दप्तरात जाते आणि फोल्डरमधून पुसली जाते. ‘फाइल गेली कुठं?’ हा पहिल्या दिवशीचा हमखास प्रश्न. तेव्हा तिथे एकुलती एक प्रत टाकायची नाही, निदान पहिला महिना तरी नाही.

स्कॅनर नेटवर्कवरून थेट या फोल्डरमध्ये फाइल टाकेल अशी सोय करता येते. त्यात दोन अडचणी येतात. फोल्डर एनएएसवर (नेटवर्कवरच्या साठवणुकीच्या यंत्रावर) किंवा विंडोजच्या शेअरवर असेल, तर नवी फाइल आल्याची सूचना लिनक्सपर्यंत पोचत नाही आणि फाइली तशाच पडून राहतात. अशा वेळी ‘पोलिंग’चं सेटिंग भरून दर काही सेकंदांनी फोल्डर तपासायला सांगायचं. दुसरी अडचण उलटी: स्कॅनर अजून लिहीत असतानाच फाइल उचलली जाते आणि पीडीएफ बिघडलेली असल्याची चूक येते. मोठ्या फाइली आधी शेजारच्या फोल्डरमध्ये उतरवून मग आत सरकवल्या की हे थांबतं.

आत गेलेल्या बहुतेक फाइलींच्या दोन आवृत्त्या राहतात. एक मूळ, आली तशी. दुसरी अर्काइव्ह प्रत, म्हणजे ओसीआरचा मजकूर मागे जोडलेली पीडीएफ/ए (दीर्घकाळ जतनासाठीचा पीडीएफचा प्रकार). कोन सरळ करणं आणि पान आपोआप सुलटं करणं हे दुसरीवर होतं. पहिली तशीच राहते. हा फरक पक्का समजून घ्या. पुढे जिथे मूळ फाइलही बदलते तिथे त्याची किंमत कळेल.

स्कॅन ३०० डीपीआय (इंचात ३०० बिंदू), ग्रेस्केल. त्या मापात ए-फोरचं एक पान २४८० गुणिले ३५०८ बिंदूंचं होतं, न दाबलेलं असेल तर सुमारे ८.७ एमबी, जेपेग दाबणीनंतर ते बरंच खाली येतं. २०० डीपीआयवर इंग्रजी निभतं, मराठीत मात्र अनुस्वार, रफार आणि जोडाक्षरांच्या पायातली अक्षरं जातात. निव्वळ काळं-पांढरं स्कॅन केलं तर फिकट रबरी शिक्के नाहीसे होतात. ६०० डीपीआयने फायदा फारसा नाही, जागा मात्र चौपट.

फीडरमध्ये गठ्ठा घालण्याआधी

पानं तोडण्याचा सगळ्यात स्वस्त मार्ग म्हणजे तोडायची वेळच येऊ न देणं. त्यासाठी विभाजक पान असतं: ‘पॅच-टी’ मजकुराचा बारकोड छापलेला एक कागद. सेटिंगमध्ये बारकोड ओळखणं चालू केलं की गठ्ठ्यात जिथे हा कागद येईल तिथे पेपरलेस फाइल तोडतं आणि विभाजक फेकून देतं. ६२ पानांच्या गठ्ठ्यात आठ विभाजक घातले की दप्तरात नऊ वेगळे दस्तऐवज उतरतात.

छापताना ‘पानात बसवा’ हा पर्याय बंद ठेवा. दोन्ही बाजूंनी स्कॅन करत असाल तर बारकोड कागदाच्या दोन्ही बाजूंना छापा. नाहीतर विभाजकाची कोरी पाठ पुढच्या दस्तऐवजाचं पहिलं पान होऊन बसते, आणि यादीतली सगळी छोटी चित्रं पांढरी दिसतात. पिवळ्या कागदावर छापले की गठ्ठ्यातून वेचून परत वापरता येतात, आणि ग्रेस्केलमध्ये पिवळा जवळजवळ पांढराच दिसतो. गडद निळा किंवा लाल कागद नको, बारकोड वाचला जात नाही. शंभरेक वेळा वापरून कोपरे मुडपलेले विभाजक बदला. एखादा गठ्ठा तुटला नाही तर पहिला संशय मळलेल्या बारकोडवर घ्यायचा.

बारकोडचा दुसरा उपयोग अनुक्रमांकाचा. आवक-जावक नोंदवहीत जसा आकडा पडतो तसा कागदावर ‘एएसएन’ (अर्काइव्ह सीरियल नंबर) आणि पुढे आकडा अशा बारकोडचं लेबल चिकटवा. त्यासाठीचं वेगळं सेटिंग चालू केलं की पेपरलेस तो आकडा दस्तऐवजाला देतं. कागदी फाइली मग आकड्यांच्या क्रमाने कपाटात लावायच्या. विषयवार लावायची गरजच राहत नाही. एक आकडा एकाच दस्तऐवजाला मिळतो; तेच लेबल दुसऱ्यांदा आलं तर चूक दिसते, आणि ती दिसायलाच हवी.

फीडर एकाच बाजूने वाचत असेल तर त्याचीही सोय आहे, फक्त ती आधी सेटिंगमध्ये चालू करावी लागते. आवक फोल्डरमध्ये ‘डबल-साइडेड’ नावाचा उपफोल्डर करायचा. आधी सगळ्या समोरच्या बाजू स्कॅन करून त्यात टाका. मग गठ्ठा न लावता-बिवता तसाच पालथा करा आणि मागच्या बाजू स्कॅन करा. शेवटचं पान आधी येतं, ते पेपरलेस स्वतः उलटवून समोरच्या पानांमध्ये ओवतं. दोन स्कॅनमध्ये ३० मिनिटांपेक्षा जास्त वेळ गेला तर पहिली फाइल शिळी धरली जाते. म्हणजे मधे चहाला जायचं नाही. दुसऱ्या फाइलमध्ये पहिलीपेक्षा जास्त पानं निघाली तर काम थांबतं. बहुतेक वेळा समोरच्या बाजूला दोन पानं चिकटून ओढली गेलेली असतात.

दप्तरात आल्यावर: तोडणं, जोडणं, फिरवणं

इतकं करूनही काही गठ्ठे सलग येतातच. दस्तऐवज उघडा, वरच्या ‘ॲक्शन्स’मध्ये पीडीएफ एडिटर आहे. जुन्या आवृत्तीत त्याऐवजी स्प्लिट, रोटेट, डिलीट पेजेस असे वेगळे पर्याय दिसतील. एडिटरमध्ये सगळी पानं छोट्या चित्रांत मांडलेली असतात. पान ओढून जागा बदलता येते, फिरवता येतं, गाळता येतं, आणि दोन पानांमध्ये तोडीची खूण करता येते.

मग तो विचारतो: नवे दस्तऐवज करायचे की आहे तोच बदलायचा? सुरुवातीला नेहमी नवे करा. ‘आहे तोच बदला’ निवडलं की फक्त अर्काइव्ह प्रत बदलत नाही, मूळ फाइलही नव्याने लिहिली जाते. डिजिटल सही असेल तर ती इथे जाते.

मूळ दस्तऐवज काम झाल्यावर पुसण्याचीही चौकट तिथेच असते. पहिल्या फेरीत ती रिकामी ठेवा. तोडलेले तुकडे लगेच तयार होत नाहीत, ते रांगेत लागतात आणि एकेकावर परत ओसीआर होतं. ‘फाइल टास्क्स’च्या पानावर सगळे तुकडे पूर्ण झालेले दिसले, पानांची बेरीज जुळली, की मगच मूळ पुसा. बेरीज खरोखर करा: ६२ पानांतून ४ कोरी गाळली तर तुकड्यांची बेरीज ५८ यायला हवी.

जोडणं यादीच्या पानावरून होतं. हवे ते दस्तऐवज खुणा करून निवडा, ‘मर्ज’ घ्या, खाली-वर ओढून क्रम लावा. जोडलेल्याला कुणाची माहिती द्यायची ते विचारलं जातं. अर्जाची द्या, कारण टॅग आणि सभासदाचं नाव बहुधा त्याच्यावर बरोबर असतं. निवडलेल्यांत पासवर्डची फाइल असेल तर ती जोडली जात नाही आणि बाकीच्या जोडल्या जातात. म्हणून इथेही पानं मोजा.

फिरवण्याबद्दल थोडं. पानावर पुरेसा मजकूर असला की ते आपोआप सुलटं होतं. गटाचा नकाशा, फौंड्रीचं ड्रॉइंग, फोटो अशा पानांवर मजकूर इतका थोडा असतो की यंत्राला दिशेची खात्री वाटत नाही आणि ते हात लावत नाही. खात्रीची पातळी ठरवणारा आकडा सेटिंगमध्ये १२ असतो. तो खाली आणून नकाशे सुलटे करू बघाल तर चांगली पानं आडवी होतील. नकाशे हातानेच फिरवा, दहा सेकंदांचं काम आहे.

तुमच्या खात्याला हक्क नसेल तर यांतलं काहीच चालणार नाही. मूळ फाइलला धक्का लावणारी कामं दस्तऐवजाच्या मालकालाच करता येतात. साहेबांच्या खात्यातून आलेला कागद क्लार्कला तोडता येत नाही तो यामुळे.

श्रीलिपीतली जुनी पीडीएफ

या भागाला वेळ द्या, कारण परदेशी मार्गदर्शिकांमध्ये तो सापडत नाही. युनिकोड रुळण्याआधी आपल्याकडचा मराठी मजकूर श्रीलिपीसारख्या फाँटमध्ये टाइप व्हायचा, काही ठिकाणी अजून होतो. त्या काळातले ठराव, वार्षिक अहवाल, करारनामे थेट संगणकावरून पीडीएफ केलेले असतात. पडद्यावर मराठी दिसतं. मजकूर निवडून कॉपी केला की इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा कचरा निघतो, कारण फाइलमध्ये तोच साठवलेला आहे आणि मराठी फक्त फाँटच्या रूपात आहे.

पेपरलेसची ठरलेली ओसीआर पद्धत ‘स्किप’ आहे: पानावर मजकूर आधीच असला तर ओसीआर करायचंच नाही. इथे मजकूर आहे, म्हणून पान सोडलं जातं, आणि शोधात कचरा जातो. ‘रीडू’ पद्धतीचाही उपयोग नाही. ती आधीच्या ओसीआरने मागे लावलेला अदृश्य मजकूर काढते, दिसणाऱ्या मजकुराला हात लावत नाही. कामाची पद्धत ‘फोर्स’. ती पानाचं चित्र करते आणि चित्रावर नव्याने ओसीआर करते.

पण हे सेटिंग सगळ्या दप्तराला लागतं, एका फाइलला नाही. ‘फोर्स’ कायमचं ठेवलं तर चांगल्या युनिकोड पीडीएफही चित्रं होतात, अर्काइव्ह प्रती फुगतात. दोन रस्ते आहेत. जुनी मराठी फाइल आधी स्टर्लिंगच्या ‘फ्लॅटन’मधून काढा, ‘फक्त फॉर्म’ची खूण काढून, म्हणजे पानं चित्रं होतात, मग ती आवक फोल्डरमध्ये टाका. चार-पाच फाइलींना हे बरं. शेकडो असतील तर सगळ्यांना ‘जुना फाँट’ टॅग लावा, एका शनिवारी संध्याकाळी सेटिंग ‘फोर्स’वर न्या, कंटेनर परत सुरू करा, त्या टॅगचे सगळे दस्तऐवज निवडून ‘रीप्रोसेस’ द्या, आणि काम संपल्यावर सेटिंग परत ‘स्किप’वर आणा. परत आणायला विसरायचं नाही. भिंतीवर चिठ्ठी लावा.

ओळखायची युक्ती सोपी: दस्तऐवज उघडून ‘कंटेंट’ टॅब बघा. तिथे देवनागरी दिसली तर ठीक, नाहीतर फाँट जुना किंवा भाषेचं सेटिंग चुकलेलं.

हाताने लिहिलेल्या फेरफारांकडून आणि मोडीतल्या कागदांकडून ओसीआरची अपेक्षा ठेवू नका. पेपरलेसमधलं ओसीआर करणारं इंजिन म्हणजे टेसरॅक्ट, त्याच्याकडे मोडीची भाषा-फाइल नाही. कोल्हापुरातल्या जुन्या घरांत मोडी दस्त भरपूर निघतात. अशांचं शीर्षक, गाव, गट क्रमांक आणि वर्ष हाताने भरा, बाकी पान चित्र म्हणून राहू दे.

आधार झाकणं

आधारच्या मास्क केलेल्या प्रतीत पहिले आठ आकडे झाकलेले आणि शेवटचे चार दिसणारे असतात. बऱ्याच ठिकाणी पीडीएफ उघडून आकड्यावर काळा चौकोन ओढला जातो आणि काम झालं असं समजतात. चौकोन वर बसतो, आकडा खाली तसाच असतो; निवडून कॉपी केला की बाहेर येतो.

स्टर्लिंगमध्ये ‘रिडॅक्ट’ वापरा. त्याचे दोन प्रकार आहेत. आपोआप झाकणारा प्रकार मजकूर शोधून झाकतो, त्यामुळे नुसत्या स्कॅनवर त्याला काहीच सापडत नाही, आणि तो चूक न दाखवता जशीच्या तशी फाइल परत देतो. इथे बरेच फसतात. स्कॅनसाठी हाताने झाकण्याचा प्रकार घ्या, चौकोन ओढा, आणि शेवटी पानं चित्रांत बदलण्याचा पर्याय चालू ठेवा. मग बाहेर आलेली फाइल उघडून आकड्याच्या जागेवर मजकूर निवडून बघा. काहीच निवडलं गेलं नाही म्हणजे जमलं.

झाकलेली फाइलच आवक फोल्डरमध्ये जाऊ दे. चुकून उघडी गेली असेल तर दप्तरात ती दुरुस्त करत बसू नका. दस्तऐवज पुसा, कचरापेटीही रिकामी करा, आणि झाकलेली फाइल नव्याने घाला. कचरापेटीत फाइल ठरल्याप्रमाणे ३० दिवस पडून राहते. एक गोष्ट या कचरापेटीची: पुसलेला कागद तोच परत घालायला गेलात आणि ‘डुप्लिकेट’ म्हणून नाकारला गेला, तर तो बहुधा तिथेच बसलेला असतो.

ई-आधार उतरवलेलं असेल तर त्याला पासवर्ड असतो: नावाची पहिली चार अक्षरं इंग्रजी कॅपिटलमध्ये आणि जन्मवर्ष. स्टर्लिंगमध्ये तो देऊन आधी काढा. पासवर्ड काढताना ई-आधारवरची सहीही जाते, तेव्हा सही तपासायची असेल तर ती आधीच तपासून घ्या.

शोधताना

मराठीत विभक्ती लागली की शब्दाचं रूप बदलतं. सातबारा, सातबाऱ्यावर, सातबाऱ्याची. पूर्ण मजकुराच्या प्रगत शोधाला ही रूपं एकच आहेत हे कळत नाही. वरच्या शोधपट्टीत ‘शीर्षक आणि मजकूर’ हा प्रकार निवडा आणि शब्दाचा न बदलणारा भागच टाइप करा: ‘सातबा’. नावं शोधतानाही तेच. ओसीआर जोडाक्षरात चुकतं, म्हणून ‘कुलकर्णी’ऐवजी ‘कुलक’ जास्त देतं. गट क्रमांक, सभासद क्रमांक, कर्ज खाते क्रमांक यांच्यासाठी ओसीआरवर विसंबू नका, ते शीर्षकात हाताने घाला.

तारखेचा क्रम दिवस-महिना-वर्ष असाच ठरलेला असतो, पण जन्मतारीखसुद्धा दस्तऐवजाची तारीख म्हणून उचलली जाऊ शकते. १९६८ सालचं कर्जप्रकरण दिसलं तर दचकू नका.

जुलैच्या आधी

शाहूपुरी आणि लक्ष्मीपुरीत तळमजल्यावर ऑफिस असलेल्यांना २०१९ आणि २०२१चे महापूर वेगळे सांगायला नकोत. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. ३९ची बातमी आल्यावर बॅकअप घ्यायला बसणं उशिराचं आहे.

नुसतं मीडिया फोल्डर कॉपी करणं पुरेसं नाही. त्यात पीडीएफ येतात. टॅग, तारखा, अनुक्रमांक डेटाबेसमध्येच राहतात. पेपरलेसचा ‘डॉक्युमेंट एक्स्पोर्टर’ चालवा. तो सगळ्या फाइली आणि त्यांची माहिती असलेली मॅनिफेस्ट फाइल एक्स्पोर्ट फोल्डरमध्ये ठेवतो. तो फोल्डर दोन बाह्य हार्ड डिस्कवर आलटून-पालटून उतरवा, एक ऑफिसात वरच्या मजल्यावर, दुसरी नदीपासून लांब कुणाच्या तरी घरी. डिस्कवर पेपरलेसच्या आवृत्तीचा क्रमांक लिहून चिकटवा. परत भरताना तीच आवृत्ती लागते, नाहीतर इम्पोर्टर अडतो.

आणि एकदा दुसऱ्या संगणकावर ते परत भरून बघा. चार दस्तऐवज उघडा, एखादा सही असलेला सातबारा उतरवून त्याची सही तपासा, पानं मोजा.